दादांची वाकडी मान आणि माझी दुर्बीण

छर्‍याच्या बंदुकीवर बसवायची दुर्बीण मी पहिल्यांदा उलटी बसवली. खोक्यातून निघालेल्या त्या नळकांड्याचं एक तोंड मोठं होतं, एक लहान. मोठ्या काचेतून मोठं दिसत असणार, असा सरळ हिशेब करून मी मोठं तोंड डोळ्याकडं घेतलं, कड्यांचे स्क्रू आवळले आणि गच्चीवरून आमच्याच पाण्याच्या टाकीकडं पाहिलं. टाकी थेट सोलापूरला जाऊन बसली होती.

नवरात्र तोंडावर आलं होतं, त्यामुळं बायकोनं घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या. मी तिला म्हणालो की माल सदोष आलाय, जवळचं लांब दाखवतोय, परत पाठवावा लागेल. तिनं पिळता पिळता एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दुर्बिणीकडं. “फिरवून बघा की,” म्हणाली, आणि गोधडी झटकली. पाणी माझ्यावर उडालं. फिरवून बघितली. टाकीवरच्या शेवाळाचा रंगसुद्धा दिसायला लागला.

बंदूक दादांची. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे. मी नोकरीच्या निमित्तानं धाराशिवात राहिलो, त्यांनी तेरच्या अलीकडं असलेली आमची शेती सांभाळली. पूर्वी ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की पाखरं हाकायला वडिलांनी ही बंदूक आणली होती. आता शिवारात सगळीकडं सोयाबीन, पाखरांना खायला काही उरलं नाही आणि बंदुकीला वर्षात एकच काम उरलं, दसर्‍याचं.

आमच्या भावकीत दसर्‍याला सीमोल्लंघनाला जाताना शेताच्या बांधावरच्या कडुलिंबाला एक बोळकं टांगतात. कुंकवाचं पाणी भरलेलं, ओंजळीत मावेल एवढं मातीचं बोळकं. घरातल्या थोरल्या पुरुषानं ते बंदुकीनं फोडायचं. तीन छर्रे मिळतात. बोळकं फुटून कुंकवाचं पाणी जमिनीवर सांडलं की मगच आपट्याची पानं वाटायची, तोवर कुणी कुणाला सोनं द्यायचं नाही. वडिलांनंतर ते काम दादांकडं आलं, आणि कित्येक वर्षं त्यांना दुसर्‍या छर्‍याची गरज पडली नाही.

दादांची नेम धरायची तर्‍हाच वेगळी होती. दस्ता उजव्या खांद्याला लावायचे आणि मान अशी वाकडी करायचे की गाल दस्त्याच्या पलीकडं जायचा. बघणार्‍याला वाटावं, माणूस बंदुकीवर डोकं टेकून झोपलाय. आधी ते असं करत नव्हते, अलीकडं करायला लागले होते. आम्ही त्याला ‘दादांची मान’ म्हणायचो. मी तर सुट्टीत जमलेल्या मंडळींना हसवायला त्याची नक्कल करून दाखवायचो. दादाही हसायचे.

गेल्या दसर्‍याला पहिले दोन छर्रे हुकले. तिसर्‍यानं बोळक्याचा काठ उडाला आणि पाणी कसंबसं सांडलं. आमचा एक चुलतभाऊ, ज्याला गप्प बसण्याचा त्रास होतो, तो म्हणाला, “दादा, पुढच्या साली बोळक्यालाच जवळ बोलवा.” लोक हसले. दादांनी बंदूक पुसून घरी न्यायला माझ्या हातात दिली. यंदा श्रावणात त्यांचा फोन आला, पावसापाण्याचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता ते म्हणाले की औंदाचं बोळकं तूच फोड, मला न्हाय जमायचं.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. दादांनी आयुष्यात पुढंपुढं केलं नाही. घरातल्या सगळ्यांची शिक्षणं, लग्नं त्यांनी मागं उभं राहून पार पाडली. सगळ्या भावकीच्या समोर छाती काढून उभं राहायचा त्यांचा वर्षातला हा एकच दिवस होता. तो असा हातातून जावा, हे मला मान्य नव्हतं. वय झालंय, नजर जरा मंदावली असेल, असं मी धरून चाललो. मग मोबाईलवर शोधलं, दुर्बीण मागवली आणि तेलपाणी करून आणतो अशी थाप मारून बंदूक गावाहून धाराशिवला घेऊन आलो. दादांना दसर्‍याला एकदम चकित करायचं होतं. तिथंच सगळं चुकलं, पण त्याला वेळ आहे.

दुर्बीण सरळ बसवल्यावर कळलं की बंदुकीची मूळची मागची खाच तिच्या आड येतेय. नळीच्या टोकाला माशी आणि मागं ती खाच, या दोघींची सांगड घालून आजवर नेम धरला जायचा. आता दुर्बीण आल्यावर तिचं काय काम, म्हणून मी खाच सोडवून काढली आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यात टाकली.

मग एका रविवारी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत मी आणि बायको गेलो. ती येणार नव्हती, पण मी एकटा बंदूक घेऊन निघालोय हे तिला बरं दिसेना. मातीनं भरलेला पोत्याचा कट्टा दरडीला टेकवून ठेवला आणि त्यावर घरात साठलेल्या लग्नपत्रिका पाठीमागच्या कोर्‍या बाजूनं लावल्या. मध्ये बायकोच्या टिकलीएवढा ठिपका काढला. अंतर लिंबापासून दादा उभे राहतात तेवढं, पावलांनी मोजून.

पहिला छर्रा कुठं गेला ते अजून कळलेलं नाही. दुसरा कट्ट्याच्या कोपर्‍यात लागला. दुर्बिणीवर दोन चकत्या असतात, एक वरखाली करायची आणि एक डावीउजवीकडं. छर्रा खाली लागला म्हणून मी चकती फिरवली आणि छर्रा आणखी खाली गेला. त्यावर बाण काढलेला होता, पण चष्मा कपाळावर असताना बाण वाचणं अवघड जातं. मग चष्मा खाली घेतला, बाणाप्रमाणं फिरवलं, आणि छर्रे एकेक करत ठिपक्याकडं यायला लागले. ठिपक्यापाशी येतात न येतात तोच पुन्हा भरकटले. बघतो तर बंदुकीच्या स्प्रिंगच्या धक्क्यानं दुर्बीण कड्यांतून मागं सरकली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून कड्यांत घातली, चारही स्क्रू आळीपाळीनं थोडेथोडे आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुपार कलली तेव्हा माझे छर्रे एकाच भोकात जात होते म्हटलं तर खोटं ठरेल, पण रुपयाच्या नाण्याखाली झाकता येत होते. मग मी दुर्बिणीची परीक्षा घेतली. काच मधोमध स्वच्छ होती, कडेला जरा धुरकट. मोठं करायची कडी पूर्ण फिरवली की माझ्याच छातीच्या ठोक्यांनी फुली ठिपक्यावर नाचायची, म्हणून ती मध्यावर ठेवली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळा काचेच्या अगदी मागं, सरळ रेषेत आणि चार बोटं अंतरावर पाहिजे. तो जरा बाजूला सरकला की सगळं काळं होतं. हे मी बायकोला एखाद्या तज्ज्ञासारखं समजावून सांगत होतो.

तिनं एकदा बघितलं. म्हणाली, “पण दादा तर मान वाकडी करून बघतात. त्यांना यातून कसं दिसायचं?”

मी म्हणालो, ती त्यांची स्टाईल आहे, दुर्बीण आली की मान आपोआप सरळ होईल. तिनं पत्रिका गोळा केल्या आणि एक हातात धरून म्हणाली की यांच्या लग्नाला आपण गेलो नव्हतो, निदान आज हजेरी लागली.

खंडेनवमीला गावी गेलो. विळे, खुरपी, पेरणीची पाभर, पाण्याची मोटर, सगळं अंगणात मांडून वहिनींनी पूजा केली. बंदुकीला हळदकुंकू लावताना त्यांचं बोट नेमकं काचेवर पडलं आणि मी असा ओरडलो की ताटातलं निरांजन विझलं. दादा खुर्चीत बसले होते. दुर्बीण बघून त्यांचा चेहरा उजळला असं मला तेव्हा वाटलं. ते जवळ आले, दुर्बिणीवरून बोटं फिरवली आणि मग जिथं खाच होती तिथं त्यांचं बोट थांबलं. “हितली खाच?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आता तिची गरजच नाही, धाराशिवला ठेवली. ते म्हणाले, “बरं.”

एकदा बघून घ्या म्हणून मी त्यांच्या मागं लागलो, तर म्हणाले उद्याच बघू. मला वाटलं, पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं म्हणून म्हणत असतील.

दसर्‍याला दुपारनंतर आम्ही बांधावर गेलो. पुरुषांच्या टोप्यांत घटातले कोवळे तुरे खोवलेले, बायका आपट्याच्या फांद्या घेऊन एका बाजूला. चुलतभावानं बंदुकीवरचं ते काळं नळकांडं बघितलं आणि म्हणाला, आता बोळक्याचं काही खरं नाही. मला बरं वाटलं.

दादांनी दस्ता खांद्याला लावला. आधी मान सरळ ठेवली, उजवा डोळा काचेमागं नेला, आणि तसेच थांबले, इतका वेळ की लोक आपसांत बोलायचे थांबले. मग हळूच मान वाकडी केली, मग आणखी. मी विचारलं, “दिसतंय ना दादा?”

“झकास दिसतंय,” ते म्हणाले, आणि छर्रा लिंबाच्या बुंध्यात गेला.

दुसर्‍या वेळी त्यांची मान पुन्हा दस्त्याच्या पलीकडं गेली. मला राहवेना. खाणीत शिकलेलं सगळं ज्ञान माझ्या तोंडाशी आलं होतं. मी सगळ्यांच्या देखत सांगायला लागलो की मान सरळ, डोळा मागं, चार बोटं अंतर ठेवा. छर्रा शेतात कुठंतरी गेला. तिसरा भरताना मी त्यांच्या शेजारीच जाऊन उभा राहिलो आणि त्यांचं डोकं हातानं सरळ करत म्हणालो, “दादा, डावा मिटा. उजवा लावा, उजवा.”

त्यांनी बंदूक खाली घेतली. माझ्याकडं बघायला त्यांना सगळं तोंड वळवावं लागलं, कारण मी त्यांच्या उजव्या अंगाला उभा होतो.

“उजव्यानं न्हाय दिसत रे,” ते म्हणाले. “लई दिवस झालं.”

मोठ्यानं म्हणाले नाहीत, पण एवढी शांतता होती की बायकांपर्यंत ऐकू गेलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांनासुद्धा माहीत नव्हतं.

मग मला एकेक आठवायला लागलं. दादांनी मोटारसायकल सोडली होती आणि गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. चहा ओतताना बशीच्या बाहेर सांडायचा आणि आम्ही हसायचो. एसटीत नेहमी उजव्या बाजूच्या खिडकीला बसायचे, म्हणजे सगळी माणसं डाव्या अंगाला यायची. आणि ती मान. डाव्या डोळ्यानं बघता यावं म्हणून त्यांनी ती मान तयार केली होती, कुणाला न सांगता, न कळू देता. उघड्या खाचेतून तसं बघता यायचं, दुर्बिणीत मात्र डोळा जरा सरकला की सगळं काळं. गेल्या साली दोन छर्रे हुकले असतील, पण तिसरा लागला होता. मी ती खाचच काढून धाराशिवला शिवणाच्या डब्यात ठेवून आलो होतो. खिशात असती तर पाच मिनिटांत परत बसवली असती. बांधावर उभं राहून मी खिसे चाचपले, जणू ती चुकून आलेली असेल.

“एक उरलाय,” दादा म्हणाले आणि बंदूक माझ्या हातात दिली. “तू फोड. लोक खोळंबलेत.”

मी नेम धरला. फुली बोळक्यावर येऊन बसली, अगदी खाणीतल्यासारखी. हुकावं असं मनापासून वाटत होतं, पण हुकलं असतं तर सोनं अडलं असतं. मी घोडा दाबला. बोळकं मधोमध फुटलं. माझ्या जन्मातला तो सगळ्यात चांगला नेम. चुलतभाऊ टोपीतला तुरा नीट करायला लागला. कुंकवाचं पाणी लिंबाखालच्या ढेकळांत जिरलं.

दुर्बिणीचा निकाल विचाराल तर उत्तम आहे. बांधापर्यंतच्या चिखलातून नेली, वहिनींचं कुंकू लागलं, तरी तिचा नेम केसभरही हलला नव्हता.

सोनं देऊन मी दादांच्या पाया पडलो. आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर यायला जरा चाचपडला, आधी खांद्याला लागला, मग डोक्यावर आला. “बरं झालं, फुटलं,” ते म्हणाले. पुढं महिन्याभरात डॉक्टरांनी सांगितलं की त्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, आणखी आधी आणायला हवं होतं, आता उरलेला डोळा सांभाळा. घरात आधी कुणी बघितलं नाही का, असंही विचारलं. मी दुर्बिणीबद्दल काही बोललो नाही.

पण ते नंतरचं. दसर्‍याच्या संध्याकाळी आम्ही धाराशिवला परत येत होतो. निम्म्या वाटेत मी एकदाचा म्हणालो की घरी गेल्यावर आधी तो शिवणाचा डबा काढ, उद्याच्या उद्या खाच परत बसवून देतो. बायको बाहेर बघत होती.

“खाच कुठं पळून जात नाही,” ती म्हणाली. “आधी दादांना डोळ्याच्या दवाखान्यात न्या. आणि तिथं तरी मध्ये बोलू नका. डॉक्टर विचारतील ते दादांना सांगू द्या.”