शरीफाच्या तीन गोळ्या

गेल्या उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ जळगावजवळच्या असोद्याहून आमच्या देवपुरातल्या घरी एकवीस दिवस राहून गेला. डोक्यात सतरा टाके, डाव्या डोळ्यावर पट्टी. चुलतभावानं फावड्याचा दांडा घातला होता. भांडण सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालं. वीज चाळीस मिनिटं उशिरा आली, म्हणून भाऊनं मोटर चाळीस मिनिटं उशिरा बंद केली. यात भाऊ चुकला होता, हे लिहायला हवं. पाळी घड्याळावर ठरली होती, विजेवर नाही. पण तो पडल्यावर चुलतभावानं कोयता घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच निसवलेल्या, घड लागलेल्या केळीत शिरला. दोनशे बारा खोडं आडवी केली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः मोजली.

दवाखान्यात भाऊनं सांगितलं, विहिरीच्या पायरीवरून पडलो. पोलिसांकडे गेला नाही. त्याचा अर्थ आम्हाला कळत होता. धुवायचे कपडे काढताना माझ्या बायकोला त्याच्या पिशवीत, गमछ्यात गुंडाळलेला कोयता सापडला. नवी धार लावलेला. तिनं तो माळ्यावर रिकाम्या डब्यांमागे ठेवला. घर सोडून जाण्याआधी भाऊच्या डोक्यातून हे निघतं की नाही, एवढाच आमच्यापुढे प्रश्न होता.

डॉक्टरांनी वाचन, टीव्ही, मोबाइल सगळं बंद केलं होतं. भाऊ दिवसभर पंख्याकडे बघत पडायचा. ऐकायला मनाई नव्हती. मी कॉलेजात असताना आमचे इंग्रजीचे सर कान तयार व्हावा म्हणून कॅसेटवर जुनी अमेरिकन रेडिओ नाटकं लावायचे. घोडे, धूळ, दारूचा गुत्ता, बंदुका. माझं इंग्रजी त्यातच तयार झालं. तीच नाटकं फोनवर सापडली तेव्हा मला फार आनंद झाला. मी दर दोन मिनिटांनी थांबवायचो आणि भाऊला आपल्या भाषेत सांगायचो.

घोड्याच्या टापा आल्या की तो म्हणायचा, "हा घोडा नही. याले वजनच नही."

"करवंट्या आपटतात, भाऊ."

"तेच म्हनतो."

मला गोळ्या मोजायची सवय. एका भागात एकानं सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नऊ झाडल्या. मी ते भाऊला सांगितलं.

"मधी भरल्या असतील."

"भरल्याचा आवाज नाही आला."

"तू जनगणनेत काहून नही गेला भो?" तो हसला आणि टाके ओढले गेले म्हणून कण्हला.

त्याला सगळ्यात नवल वाटलं ते शेरीफचं. त्याच्या कानाला ते शरीफ ऐकू येत होतं. "चार मुडदे पाडले त्यानं, अन् गाव त्याले शरीफ म्हनतं?" तो हुद्दा आहे, आपल्या फौजदारासारखा, असं मी समजावलं. ते त्यानं कानाआड केलं. रोज दुपारी विचारायचा, "शरीफ आला का?"

हळूहळू त्याला बोलणं नको झालं. "ते पुढं ढकल. मारामारी लाव." एकाचा गळा दोरीनं आवळतात, एकाचं डोकं घोड्यांच्या पाण्याच्या नांदीवर आपटतात, एकाला घोड्यामागे बांधून फरपटतात. भाऊ मूठ आवळून ऐकायचा. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "डॉक्टरांनी दिवसाला तीन गोळ्या सांगितल्यात, तुम्ही तीस देताय." तेव्हा मी हसलो. मग मला बरं वाटेना. आगीत मीच काड्या सारत होतो.

एकोणिसाव्या दिवशी भाऊनं विचारलं, "माहा कोयता कुठे हाये?"

"माळ्यावर आहे, भाऊ," बायको म्हणाली. "तुम्हाला चढायला मनाई आहे."

दुसऱ्या दिवशी जो भाग लागला, त्यात एकजण मार खाल्ल्याचा सूड घ्यायला परत येतो. समोरचा हौदावर पाणी पीत असतो, कमरेला पिस्तुलाचा पट्टा नाही. हा पहिली गोळी गुडघ्यात घालतो, दुसरी पोटात. मग जवळ जाऊन तिसरी तोंडात. मरणाऱ्याची घरघर बराच वेळ चालते.

मी पाटबंधारे कार्यालयात पंचवीस वर्षं पाण्याची पातळी लिहितो. एक आकडा खोटा लिहिलेला नाही. पण भाऊला म्हणालो, "दोन हवेत मारल्या. तिसरी हातावर."

"मग धपकन पडलं कोन?"

"बंदूक."

"बंदूक अशी पडते?" तो उठून बसला. "हा आवाज केयीचा हाये. खोड असंच पडतं. दोनशे दहा ऐकले मी, रक्तात पडून."

केयी म्हणजे केळी. मी म्हणालो, "दोनशे बारा होती."

"मग दोन हुकले. मधी शुद्ध गेली असंन." त्यानं फोनकडे बोट केलं. "खरं सांग. मारलं का त्याले?"

"मारलं. तिन्ही अंगात."

"मग खोटं काहून बोलला?"

"उद्या तू घरी जाणार म्हणून."

तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी त्यानं कोयता मागितला. बायकोनं खाली काढून दिला. वस्तू त्याची होती, आणि गावात दुसरी मिळाली असती. मी त्याला जळगावच्या गाडीत बसवलं. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. एक नोंद दोनदा खोडली.

तीन वाजता त्याचा फोन आला. मागे रिक्षा धडधडत होती आणि कुणीतरी ओरडत होतं.

"मारलं," तो म्हणाला.

माझ्या तोंडून निघालं, "किती?"

"तीन. दोन हवेत. तो पळाला नही. फावडं उचललं त्यानं. मंग तिसरा घातला कोपरावर. कोयत्याच्या उलट्या बाजूनं. काडकन वाजलं. हात हाये जागेवर, लोंबकळू ऱ्हायला फक्त. दवाखान्यात नेऊ ऱ्हायलो त्याले."

"पोलीस?"

"तो म्हनतो, पायरीवरून पडलो असं सांगतो. त्याच विहिरीच्या." मग मोठ्यानं, "आता मले शरीफ म्हन!"

मागून चुलतभाऊ कळवळून ओरडला, "शरीफ मंग व्हय रे! पहिले रिक्षावाल्याले खड्डे चुकवाले लाव!"