मलकापूरचं पावणं

शाळेत शिकवायला लागले तेव्हा वर्गातला माझा आवाज कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जायचा. पण मागच्या बाकावर कुणी वडीलधारं येऊन बसलं की माझी दातखीळ बसायची. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी फळ्यावर ‘भागाकार’ एवढं लिहिलं आणि तास संपेपर्यंत खडू धरून उभी राहिले. मुख्याध्यापकांनी सरळ सांगितलं, पुढच्या तपासणीलाही असंच झालं तर नोकरी कायम होणार नाही. वडील मी लहान असतानाच गेलेले, घर आईच्या शिवणावर चाललेलं. ही नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

कुणीतरी शाहूपुरीतले एक डॉक्टर सुचवले. मनाचे डॉक्टर, मूळचे मुंबईचे, काहीतरी नवं शिकून इकडे आलेले. आईनं ऐकलं आणि पायात चपला सरकवल्या. “एकटी जाऊ नगंस. डोक्याचा डाक्टर हाय, शाक देत्यात म्हनं.” मला राग आला, पण तिला अडवणार कोण?

डॉक्टरांनी शॉक दिला नाही. माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, “माणसाच्या आत पुष्कळजण राहतात. तुमच्यात एक शिकवणारी आहे आणि एक गप्प बसणारी. ती गप्प बसणारी या खुर्चीत आहे असं समजा. तिला हाकलू नका. तिच्याशी बोला.”

काय बोलणार, कप्पाळ. मी खुर्चीकडे नुसती बघत राहिले. आईला मात्र ते बघवेना. कुणी नवं माणूस येऊन बसलंय आणि त्याची साधी विचारपूस नाही, ही कुठली रीत? तिनं पदर सावरला आणि खुर्चीला विचारलं, “पावणं कुठलं म्हनायचं?”

डॉक्टरांचं पेन थांबलं. आमच्याकडे अनोळखी माणूस पावणंच असतं आणि त्याला पहिला प्रश्न हाच, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? “चा घेनार न्हवं?” असंही आईनं खुर्चीला विचारलं आणि मग डॉक्टरांकडे असं बघितलं की त्यांनी मुकाट्यानं चहा सांगितला. आम्ही तिघं, कप चार. मला हसू आवरेना.

चहा झाल्यावर डॉक्टरांनी मलाच त्या खुर्चीत बसवलं. “आता तुम्ही ती. आईंनी विचारलंय, उत्तर द्या.”

मी चेष्टेतच तोंड उघडलं आणि बोलून गेले, “मलकापूरचं.”

माझं हसू तिथंच थांबलं. वडील गेले त्या वर्षी आईनं मला मलकापूरला मामाकडे ठेवलं होतं. एस.टी.त बसवताना बजावलं होतं, “दुसऱ्याचं घर हाय. थोरल्या मान्सांपुढं तोंड उघडायचं न्हाय.” वर्षभर मी ते उघडलं नव्हतं. यातलं काही मी विसरले नव्हते, नुसतं कधी बोलले नव्हते. त्या खुर्चीत बसून सगळं बोलले. रडू आलं, तेही रडून घेतलं.

पुढच्या तपासणीला मी साहेबांसमोर भागाकार शेवटपर्यंत शिकवला आणि कायम झाले. डॉक्टरांनी श्रेय आपल्या खुर्चीला दिलं, देऊ देत. माझी दातखीळ सुटली ती दवाखान्यात, त्या चहाच्या दिवशीच, आई रिकामे कप गोळा करता करता म्हणाली तेव्हा, “तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं की. घरी आल्यावर बोललं तर चालतंय म्हनून.”