सासूबाईंना वळसा

“अहो, पाणी उतरलंय म्हणूनच सांगतेय. आज सासूबाईंच्या अलीकडे राफ्ट काठाला लावा आणि चालत जा.”

“तुझं सगळं उलटंच! परवा नदी दुथडी भरून वाहत होती तेव्हा गप्प बसलीस, आणि आज ती गरीब गाय झालीय तर आडवी येतेस?”

“परवा सासूबाई खोल पाण्याखाली होत्या. वरून गेलात, त्यांना पत्ताही लागला नाही.”

सासूबाई म्हणजे मोठ्या वळणावरचा खडक. नाव कप्तानानेच, म्हणजे तिच्या नवऱ्यानेच ठेवलेलं, लग्न नवं असताना. बायकोच्या आईच्या कानावर गेलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, “वळसा घालतो ना मला? मग झालं तर.”

पाणी अगदी कमी असलं की खडक उघडा पडतो, लांबूनच चुकवता येतो. पूर असला की राफ्ट वरून तरंगत जाते. आजच्यासारख्या मधल्या पाण्यात मात्र लाट त्याच्या डोक्यावरून जेमतेम घसरते, पलीकडे उलटी फिरते आणि सापडेल त्याला घुसळत ठेवते. राफ्टला ठिगळं लावणारी ती, हे कप्तानाकडूनच शिकली होती. आता त्यालाच शिकवत होती.

घरात चष्मा कपाळावर ठेवून कपाटं धुंडाळणारा हा माणूस राफ्टमध्ये बसला की वेगळाच व्हायचा. जो सगळ्यात भेदरलेला असेल त्याला पुढे बसवायचा, गाणं म्हणायला लावायचा. गाण्याच्या नादात तो बिचारा ताल धरून वल्हं मारू लागायचा. असा कप्तान तिला फार आवडायचा. म्हणून तर भांडत होती.

“आजवर कधी राफ्ट खांद्यावरून नेली नाही मी. बाकीचे गाईड दात काढतील.”

“काढू देत. सांगा, बायको घाबरट आहे.”

“तू घाबरट? पहिल्याच खेपेला माझ्या हातातलं वल्हं हिसकावलं होतंस!”

“विषय बदलू नका. उजवा हात वर जात नाही तुमचा. सकाळी शर्टसुद्धा मी चढवला. ऐन वेळी राफ्ट वळवणार कशानं, मिशीनं?”

तो हसला, मग हसू विरलं. बाहेर प्रवासी हेल्मेटचे पट्टे आवळत होते. त्यातली एक मुलगी भेदरल्या चेहऱ्याने त्याला हात हलवत होती. आज पुढे बसणार ती हीच, हे दोघांनाही कळलं.

ती हळू आवाजात म्हणाली, “नेणार ना चालत?”

कप्तानाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. वल्हं उचललं. मग खुंटीवरचे राफ्ट वाहायचे रुंद पट्टे काढले, धूळ झटकली, डाव्या खांद्यावर टाकले आणि बाहेर पडला.