हिसका द्यायचा नाही

चांगीच्या धक्क्यावरून उबीन बेटाकडे जाणारी लाकडी बंबोट पुरेसे उतारू जमल्याशिवाय सुटत नाही. मी आणि माझी मुलगी बाकावर वाट बघत बसतो. रविवारी सायकलवाले येतात, त्यामुळे फार थांबावं लागत नाही. इंजिन सुरू झालं की मला डुलकी लागते, आणि त्या अर्ध्या झोपेत आपण कुठल्या पाण्यावर आहोत तेच कळत नाही. डिझेलचा वास तोच, खारा वारा तोच, लांबवर धूसर दिसणारी खारफुटीही तीच. डोळे उघडले की गावाकडचा रेवसचा धक्का दिसेल असं वाटतं. दिसतं उबीन.

माझं आयुष्य अलिबागकडच्या खाडीवर गेलं. पोटासाठी शाळेत गणित शिकवलं, पण ते मी आयुष्यात धरत नाही. खारबंदिस्तीच्या दारातून भरतीचं पाणी आत-बाहेर करतं, तिथे मी बसायचो. दोरीला गळ, गळाला जिवंत कोळंबी. जिताडा माशानं कोळंबी गिळली की मनगटातून एक हिसका द्यायचा, एवढीच विद्या. मुलगी लहानपणी खाऊचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसायची. दोरी ताणली की माझ्याआधी तीच ओरडायची, "बाबा, हिसका!"

पुढे ती इंजिनियर झाली, इकडे परदेशात तुआसला नोकरीला लागली, सेरंगूनला फ्लॅट भाड्यानं घेतला. तिची आई गेल्यावर मला घेऊन आली आणि म्हणाली, "आता इथेच राहा." मला राहायचं नव्हतं. माझं घर तिकडे, माझी खाडी तिकडे. पण तिच्या तोंडावर नाही म्हणवेना. त्या संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसलो, तर समोर वाफवलेला अख्खा मासा आला. मुलगी म्हणाली, सीबास. मी त्याचं तोंड निरखून पाहिलं. कसला सीबास, हा तर आमचा जिताडा! आमच्याकडे एखाद्या साहेबाकडून काम करून घ्यायचं असेल तर जो घरपोच करतात, तो इथे सोया सॉसच्या पाण्यात मुकाट पडला होता. मला अवसान चढलं.

"इथला एक जिताडा मी माझ्या हातानं धरतो," मी म्हणालो. "धरला की घरचं तिकीट काढून द्यायचं. तोवर राहतो."

मला वाटलं, आठवड्याभराचं काम.

"डन," ती म्हणाली आणि मला मासेमारी शिकवायला लागली. मला! हाफिसातल्या मित्रांबरोबर ती इथली पद्धत शिकली होती. हातात रॉड, दोरीच्या टोकाला रबराचा मासा. तो सारखा फेकायचा, सारखा ओढायचा, पाण्यात तो जिवंत वाटला पाहिजे. एका जागी बसून पाण्याकडे बघत राहण्याचं माझं सुख पहिल्याच दिवशी गेलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. इथे मासा लागला की उसळी मारून हवेत येतो आणि डोकं झाडतो. तेव्हा दोरी ताणलेली असेल तर गळ सुटून येतो. म्हणून तो वर आला की आपण रॉडसकट खाली वाकायचं.

"बाबा, हिसका द्यायचा नाही. नमस्कार करायचा," ती सांगायची.

"माशाला?"

"हो, माशाला. रिलॅक्स, बाबा. नुसतं वाका."

माझं डोकं समजायचं, मनगट ऐकायचं नाही. किती जिताडे मी हिसक्यानं घालवले ते विचारू नका. प्रत्येक वेळी ती न चिडता पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. रॉडवरची माझी बोटं सरकवायची, पाठीला हात लावून वाकवायची. मी घरी कधी जाणार ते या धड्यावर ठरणार होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. तिनं शिकवण्यात कधी कुचराई केली नाही. मीही परतीच्या गोष्टी बोलत राहिलो, कुठल्या झाडाला पाणी घालायचं, कुठली कौलं बदलायची. ती रबराचा मासा दोरीला बांधत ऐकत असायची.

मग उबीनवरचा तो रविवार आला. भरती चढत होती, पाण्यावर ऊन विरघळल्यासारखं पसरलं होतं, आणि मी इतका तंद्रीत होतो की मासा लागला हे हाताला आधी कळलं. जड होता. थोडा वेळ तो पाण्याखाली चालला, मी त्याला चालू दिलं. काही म्हणजे काही केलं नाही. मग तो वर आला. रुपेरी, रुंद, माझ्या खाडीतल्यासारखाच. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले. मला येत होतं! अखेर आलं होतं!

आणि शेजारून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा, हिसका!"

मी हिसका दिला.

दोरी सैल होऊन माझ्या पायाशी आली. पाणी पुन्हा सपाट झालं. तिनं तोंडावर हात धरला होता आणि डोळे भरले होते.

"सॉरी बाबा," ती म्हणाली. "चुकून... लहानपणची सवय."

"असू दे," मी म्हणालो. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी दोरी गुंडाळत बसलो.

परतीच्या बंबोटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी मात्र त्या दिवशी पूर्ण जागा होतो.

अजून आम्ही जातो. ती कधी कामात असली तर मी एकटाही जातो. आता मला छान वाकता येतं. एकटा असताना लागलेले दोन जिताडे मी हातात घेऊन, बघून, परत पाण्यात सोडले. घरी येऊन सांगितलं, आज काही नाही. ती बरोबर असली की मात्र हिसका देतो.