टाळ्या

खाटेसमोर माझ्यासाठी मोठं घड्याळ टांगलंय. खुब्याच्या ऑपरेशननंतर माझं डोकं फिरलं होतं. वारलेली बायको उशाजवळच्या स्टुलावर बसून म्हणायची, "दाढी करा, भूत दिसताय." मी सुखात होतो. पण डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातली मावशी, सगळी टोळी मला ताळ्यावर आणायला लागली. कुणी चष्मा चढवायचं, कुणी वार विचारायचं. आणि शेवटी, "आजोबा, आजी कुठंयत?"

"ही काय, बसलीय. तिलाही चहा द्या."

मावशी द्यायची.

आज स्टूल रिकामं दिसलं. "ती वारली," म्हणालो, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! भली माणसं. रिकामं स्टूल रिकामं दिसलं, की माणूस बरा झाला म्हणायचं.

मावशीनं सवयीनं आजही दोन कप आणले. मी दोन्ही प्यालो. तिचा जास्त गोड होता.