गुडघ्याएवढा आडोसा

बँकेतल्या बदलीमुळे अनघा साताऱ्याहून लखनौला आली आणि वृंदावन योजनेतलं तळमजल्याचं घर तिनं मागच्या ओट्यासाठीच घेतलं. सुट्टीच्या सकाळी तिथं एकटीनं चहा प्यावा, एवढीच हौस. पण कुंपण बुटकं, आणि पलीकडून शुक्ला भाभी रोज विचारायच्या, "नाश्ते में क्या बना?"

आडोशाला तिनं अरेका पामच्या कुंड्या आणल्या. जूनच्या लूनं, तिथल्या भाजून काढणाऱ्या वाऱ्यानं, पानं करपली. मग बांबू लावला. तो वर झुपकेदार झाला आणि तोंडासमोर नुसत्या काड्या राहिल्या. शेवटी आलमबागच्या नर्सरीवाल्यानं मधुकामिनी दिली, म्हणजे आपली कुंती. "घनी होगी, पर टाइम लेगी," तो म्हणाला. पावसाळा गेला, थंडी सरली, तरी कुंती गुडघ्याच्या वर जाईना.

"मम्मी, परदा लगा लो ना," मुलगा सुजय म्हणाला.

"पडद्याआडच बसायचं तर घरात काय वाईट?" ती करवादली.

रविवारी तिनं खुर्ची आत ढकलली आणि कुंडीमागे चटई टाकून खालीच बसली. पहिला घोट घेतला तोच कुंपणावरून आवाज आला, "नीचे क्यों बैठी हैं? तबीयत ठीक है?"

"ठीक है," अनघा म्हणाली, आणि उरलेला कढत चहा तिनं एका दमात संपवला.