निळू नावाचा साथीदार

"आपल्या मॅडमची बॅटरी कायम 'लो'च राहते. दहा प्रश्न केले की एक उत्तर."

जीपच्या पलीकडे उभा राहून आमचा चालक हवालदार एका शिपायाला सांगत होता. मी अलीकडच्या दाराशी होते. ऐकलंच नाही असं दाखवून आत बसले. आम्ही निघालोही होतो बॅटऱ्यांच्याच चोरीचा पंचनामा करायला, म्हणून ते वाक्य डोक्यात राहिलं आणि त्याच्यासोबत ती सगळी घटनाही.

मी आता पोलीस खात्यात नाही. लातूरला भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. तेव्हा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. शिक्षण तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरला, इंग्रजी शाळेत. त्यात बोलणं कमी, म्हणून ठाण्यात सगळ्यांची समजूत की मॅडमना मराठी जड जातं. मी ती खोडली नाही. कमी बोलणाऱ्यापुढे लोक जास्त बोलतात.

गावाबाहेर एक छोटा सौर प्रकल्प होता. दिवसा पॅनेलची वीज बॅटऱ्यांत साठायची आणि अंधार पडला की गावाच्या लाइनवर सोडली जायची. त्यामुळे ऐन स्वयंपाकाच्या वेळी जाणारे दिवे जायचे थांबले होते. साठवणीच्या त्या लोखंडी खोलीतून निम्म्या बॅटऱ्या गेल्या होत्या. साध्या इन्व्हर्टरच्या नव्हेत, लिथियमच्या, चपट्या पेटीसारख्या. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. किल्ली राखणदाराकडे असे. राखणदाराला गाव निळू म्हणायचं. हे एक नाव मी त्याला विचारून लिहिते आहे. ते गाळलं तर गोष्टच उरत नाही.

खबर दुसऱ्या दिवशी आली. देगलूर रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या एकानं ताडपत्री झाकलेला टेम्पो पाहिला होता. चाकात हवा भरेपर्यंत टेम्पोवाला फोनवर कुणाला तरी सारखा 'निळू, निळू' म्हणत होता. झालं. किल्ली निळूची, फोनवर निळू. गावच्या हॉटेलसमोरून भर बाजारात निळूला जीपमध्ये घातलं. मी पुढच्या सीटवर होते. मागं कुणीतरी म्हणालं, "खाल्ल्या घरचे वासे मोजून राहिला व्हता की."

चौकशीत निळू एकच सांगत होता. "साहेब, किल्ली माझ्या करगोट्याला राहते. आंघोळीला बी सोडत न्हाई. मी कशाला माझ्याच घरात अंधार करू?"

निरीक्षक अनुभवी होते. "साथीदाराचं नाव सांग, सुटशील," एवढंच ते म्हणत राहिले. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. शेजारणीनं तिला नळावर पाणी भरू दिलं नव्हतं. "तुमच्यामुळं गाव अंधारात," असं तोंडावर म्हणाली होती. हे तिनं मला सांगितलं, कारण मी काही बोलत नव्हते. अटकेचे कागद तयार होत होते. आज सुटला नाही तर हा माणूस त्या गावात परत तोंड वर करून राहू शकणार नाही, हे दिसत होतं.

मी पंक्चरवाल्याकडे गेले. "काय समजलं ते सांगू नका," म्हटलं. "कानाला काय ऐकू आलं तेवढं म्हणून दाखवा."

तो जरा लाजला. "निळू पोयको, निळू पोयको असं कायतरी, मॅडम. निळूला पोहे मागत असल. भूक लागली असल त्याला."

मी हसले नाही. माझ्या शाळेत अर्ध्या वर्गाची घरची भाषा तेलुगू होती. डब्यातलं पाणी सांडलं की मैत्रिणी हेच दोन शब्द ओरडायच्या. 'नीळ्ळु' म्हणजे पाणी. 'पोय्यकु' म्हणजे ओतू नको.

आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. तिच्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि ते काम प्रत्येक घरात कुणीतरी नेमानं करतं. लिथियमच्या पेटीत पाणी घालायचं नसतं. म्हणजे सांगणारा या बॅटऱ्या कोळून प्यायलेला, आणि ऐकणारा घरगुती इन्व्हर्टरवाला.

ठेकेदाराच्या दुरुस्ती पथकात सीमेपलीकडचा एकच तंत्रज्ञ होता. त्याला बोलावलं. निरीक्षकांच्या प्रश्नांना तो शांतपणे, चांगल्या मराठीत उत्तरं देत होता. मी भिंतीशी उभी होते. "सर, मी एक विचारू?" म्हटलं. त्यांनी आश्चर्यानं मान हलवली.

मी त्याच्याजवळ जाऊन हळूच तेलुगूत म्हणाले, "नीळ्ळु पोसेशारु." पाणी ओतलं त्यांनी.

त्यानं कपाळावर हात मारला. "पोय्यकु अनि चेप्पानु गदा." ओतू नको म्हणून सांगितलं होतं ना.

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पाणी प्यायला मागितलं आणि सगळं सांगितलं. दुरुस्तीच्या वेळी त्यानं किल्लीची नक्कल करून घेतली होती. टेम्पोही त्यानंच नेला होता आणि फोनवर माल घेणाऱ्याला बजावत होता. मुद्देमाल एका इन्व्हर्टर दुकानाच्या मागल्या खोलीतून हस्तगत झाला. दोन पेट्या एका बंगल्यात बसवूनही झाल्या होत्या.

"तेलुगू येतं तुम्हाला? कधी बोलला नाहीत," निरीक्षक म्हणाले.

"कुणी विचारलं नाही, सर."

माझी नोकरी मोठी नव्हती, पण याहून मोठे गुन्हे मी पाहिले. अभिमान मात्र याचा जास्त वाटतो. वर्गात मुलांना मी अजून हेच सांगते: जबाब घेताना माणसाला काय ऐकू आलं ते आधी लिहा, त्याला काय वाटलं ते नंतर. या दोहोंच्या मधल्या जागेत निरपराध माणूस अडकतो.

सुटलेल्या माणसाला ठाण्यातून एसटीनं घरी जाऊ देतात. मी निळूला जीपमध्ये बसवलं, पुढे, माझ्या जागेवर. मी त्याच्या बायकोबरोबर मागे बसले.

"मॅडम, फाट्यावरच सोडा," तो म्हणाला. "पोलीस गाडीतून उतरलो की लोक पुन्हा बघतेत."

"बघू द्या," मी म्हणाले.

जीप त्याच हॉटेलसमोर थांबवली. बाजार अजून उठला नव्हता. निळू खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. कढईतला झारा थांबला. बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "जामिनावर सोडलं व्हय?"

चालक हवालदार स्टिअरिंगवर हात ठेवून आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरले, निळूच्या शेजारी उभी राहिले आणि कढईपलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जामिनावर न्हाई, आजोबा. चोर दुसरा हाय, तो सापडलाय. निळूनं काय बी केलं न्हाई. ऐकण्यात चूक आमची झाली."